मेंदूच्या गोळ्या चालू आहेत? साइड इफेक्ट कसे ओळखायचे आणि कायद्याने तुम्हाला काय काय मागता येतं

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा सायकोसिस म्हणून गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात, किंवा तुम्ही स्वतः त्या घेताय, आणि वजन वाढतंय, हात थरथरतात, दिवसभर झोप येते, डॉक्टर दोन मिनिटांत पुढचा पेशंट बोलवतात, अशा नवीन लोकांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. माझा दादा बरीच वर्षं या गोळ्यांवर आहे आणि त्याच्यामुळे आम्हाला ओपीडी, वॉर्ड आणि कायद्याचं पुस्तक असं सगळंच थोडं थोडं शिकावं लागलं.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण निम्मे लोक इथेच घात करून घेतात. पुढचं वाचून घाबरून आजची गोळी बंद करू नका. एकदम बंद केली की झोप उडते, मळमळ, घाम, अस्वस्थपणा येतो, आणि आजार उलटला तर तो आधीपेक्षा जोरात येऊ शकतो. क्लोझापिन तर एकदम सोडण्यातली गोळी नाहीच. कमी करायची असेल तर हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीत. आणि फिनलंडमधल्या मोठ्या अभ्यासांत असं दिसलंय की स्किझोफ्रेनियात या गोळ्या घेणारे लोक अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात. म्हणजे 'गोळ्या म्हणजे विष' हेही खरं नाही आणि 'काही होत नाही हो, घ्या' हेही खरं नाही.

पहिलं काम, गोळीचं खरं नाव शोधा

कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं नाव हवं. ते स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात असतं, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. मेडिकलवाला कंपनी बदलून देतो, रंग बदलतो, आणि मग घरात 'ही वेगळी गोळी आहे' म्हणून गोंधळ होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकच औषध दोन नावांनी डबल जातं.

जुन्या पिढीतली म्हणजे हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन, ट्रायफ्लुओपेराझिन, आणि महिन्यातून एक-दोनदा कमरेत देतात ते फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन. यांच्यात अंग आखडणं, थरथर, जबडा किंवा मान वाकडी होऊन अडकणं, डोळे वर फिरणं हे जास्त. नव्या पिढीतली म्हणजे ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ॲरिपिप्राझोल, अमिसल्प्राइड, क्लोझापिन. यांच्यात आखडणं तुलनेने कमी (रिस्पेरिडोनचा डोस वाढला की तेही दिसतं) पण ओलान्झापिन आणि क्लोझापिनने वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढायचा धोका सगळ्यात जास्त. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइडने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, मग बायकांची पाळी थांबते, मूल नसताना छातीतून दूध येतं, पुरुषांची छाती वाढू शकते, संबंधांची इच्छा जाते. हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही, नवरा-बायकोत वर्षानुवर्षं अबोला राहतो आणि कारण गोळीत असतं. इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका, डॉक्टरांना सरळ सांगा, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. आणि पाळी थांबलेल्या बाईची गोळी बदलली की दिवस राहण्याची शक्यता परत येते, तेही आधीच विचारून ठेवा.

घरात आजी-आजोबांना डिमेन्शिया आहे आणि रात्री शांत झोपावेत म्हणून क्वेटियापिन किंवा रिस्पेरिडोन सुरू केलंय? अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २००५ मध्येच या गटाच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावलाय की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये याने मृत्यूचा धोका वाढतो, आणि २००८ मध्ये तोच इशारा जुन्या औषधांनाही लावला. कधीकधी तरीही द्यावं लागतं, पण किती दिवसांसाठी आणि का, हे विचाराच.

दुसरं काम, वही आणि वजनकाटा

शाळेची शंभर पानी वही चालेल. पहिल्या पानावर गोळी सुरू व्हायच्या आधीचे आकडे पाहिजेत: वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, आणि हृदयाचा त्रास असेल किंवा डॉक्टर सांगतील तर ईसीजी. सुरू होऊन गेलं असेल तर आजचे आकडे लिहा, नसण्यापेक्षा बरं. पुढे पहिले तीन महिने वजन दर महिन्याला तरी, रक्ताच्या तपासण्या तीन महिन्यांनी परत आणि मग वर्षातून एकदा. आपल्या लोकांसाठी कमरेची हद्द पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० धरतात. पॅन्टची साइज हे माप नाही, पॅन्ट पोटाखाली सरकते.

वजन पहिल्या काही आठवड्यांतच पळायला लागतं आणि तेव्हाच धरायचं असतं. भूकच राक्षसासारखी लागते, त्यात पेशंटचा आळशीपणा किंवा हावरटपणा काही नाही, त्याला टोमणे मारू नका. मेटफॉर्मिन (मधुमेहात देतात ती गोळी) जोडणं, ॲरिपिप्राझोलसारख्या कमी वजन वाढवणाऱ्या गोळीवर जाणं हे पर्याय डॉक्टरांकडे असतात, पण आकडा समोर ठेवल्याशिवाय ते सुचत नाही. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं सरासरी १० ते २० वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह असल्या अंगाच्या आजारांचा असतो. म्हणून हा वजनकाटा.

त्याच वहीत गोळी आणि डोस कधी बदलला ती तारीख, काय त्रास झाला, डॉक्टरांना कधी सांगितलं, ते काय म्हणाले. केसपेपरवर डॉक्टर बहुतेक वेळा 'सी टी ऑल' एवढंच लिहितात, म्हणजे आहे तेच चालू. तुम्ही सांगितलेला त्रास तिथे उमटतच नाही. म्हणून विनंती करा की 'डॉक्टर, मान आखडते हे पेपरवर लिहाल का', बहुतेक जण लिहितात. पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर ही एक ओळ फार कामाची आहे.

आणि सर्दीतापासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ही वही घेऊन जा. डॉम्पेरिडोन (ॲसिडिटीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये जोडीला असतं), अझिथ्रोमायसिन यांनी काही मेंदूच्या गोळ्यांबरोबर हृदयाचे ठोके बिघडायचा धोका वाढू शकतो, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आखडणं वाढवतं, सिप्रोफ्लॉक्सासिनने क्लोझापिनची रक्तातली पातळी चढते. फॅमिली डॉक्टरला तुम्ही सांगितलंच नाही तर त्याला कळणार कसं, आणि लोक सांगत नाहीत कारण लाज वाटते.

तिसरं, कधी थांबायचं नाही

ताप आणि त्याबरोबर अंग लाकडासारखं कडक, घाम, गोंधळल्यासारखं बोलणं, बीपी वरखाली. याला न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात, क्वचित होतं पण जीव जातो. व्हायरल असेल, ऊन लागलं असेल म्हणून घरी पट्ट्या ठेवत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, आणि गोळ्यांच्या स्ट्रिप दाखवा. खरं ऊन लागणंही या लोकांना लवकर होतं, या गोळ्या शरीराचं तापमान सांभाळणं बिघडवतात, विदर्भातल्या मे महिन्यात तर दुपारी बाहेर पाठवूच नका.

जबडा किंवा मान अडकली, डोळे वर गेले, हे सहसा नव्या गोळीच्या किंवा इंजेक्शनच्या पहिल्या काही दिवसांत होतं. दिसायला भयानक, लोक 'अंगात आलं' म्हणतात, पण प्रोमेथाझिनसारख्या इंजेक्शनने थोड्या वेळात सुटतं. घसा आवळतोय, श्वास अडतोय असं वाटलं तर मात्र एक मिनिट वाया घालवू नका.

पेशंट एका जागी बसूच शकत नाही, सारखा येरझाऱ्या घालतो, पाय हलवतो, आतून तडफड होते म्हणतो, याला अकॅथिसिया म्हणतात. घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही वाटतं आजार वाढला आणि डोस वाढवतात, मग तडफड अजून वाढते. या त्रासात माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार येऊ शकतात म्हणून याला हलक्यात घेऊ नका. तसं काही बोलला तर एकटं सोडू नका, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

क्लोझापिनवाल्यांसाठी वेगळं सांगते, कारण ही गोळी सगळ्यात गुणकारी पण सगळ्यात जास्त लक्ष मागणारी. याने पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करायची पद्धत आहे, पुढे अंतर वाढतं. ताप किंवा घसा दुखला की त्याच दिवशी सीबीसी. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत छातीत दुखणं, धाप, धडधड म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. आणि बद्धकोष्ठता, हसू नका, क्लोझापिनमध्ये आतडी बंद पडून माणसं गेलेली आहेत. तीन दिवस साफ झाली नाही तर इसबगोल घेत बसण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करा. अजून एक गंमत म्हणजे बिडी-सिगरेटच्या धुरामुळे ही गोळी शरीरातून लवकर निघते, मग बिडी अचानक सुटली, समजा वॉर्डात ॲडमिट झाल्यामुळे, की तोच डोस अंगावर यायला लागतो. तंबाखू-गुटख्याने असं होत नाही, कारण ते धुरातल्या रसायनांचं काम आहे, निकोटीनचं नाही.

शेवटचा सावकाश येणारा त्रास म्हणजे टार्डिव्ह डिस्कायनेशिया. महिने-वर्षं गोळी घेतल्यावर जीभ आत-बाहेर होणं, ओठ चावल्यासारखे हलणं, बोटं वाजवल्यासारखी हलत राहणं. कधीकधी गोळी बंद करूनही जात नाही, म्हणून लवकर पकडायचं. दर सहा महिन्यांनी मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा: तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, हात गुडघ्यांवर ठेवून. जुना आणि नवा शेजारी लावून बघा. बरोबर चालू असलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे आखडण्यावरची छोटी गोळी, यावर चालत नाही, उलट वाढवू शकते.

आता कायदा

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे आणि २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २२ पाठ करा. पेशंटला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला) आजार काय आहे, कोणता उपचार सुचवलाय आणि त्याचे माहीत असलेले साइड इफेक्ट काय, हे कळण्याचा हक्क आहे, तेही त्याला समजेल अशा भाषेत. म्हणजे मराठीत मागता येतं. भांडायच्या सुरात नको, असं विचारा: 'डॉक्टर, या गोळीचे मुख्य तीन त्रास कोणते, कोणती तपासणी कधी करायची, आणि काय झालं तर तुम्हाला लगेच फोन करायचा?' तीन प्रश्न, आधी कागदावर लिहून न्या.

कागद मागणं हा पुढचा हक्क. कलम २५ प्रमाणे पेशंटला स्वतःचे मूलभूत (बेसिक) वैद्यकीय रेकॉर्ड मिळतात. शिवाय डॉक्टरांच्या वर्तणुकीच्या २००२ च्या नियमांत रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं असं आहे, आणि ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. भांडण सुरू व्हायच्या आधी रेकॉर्ड मागा, नंतर मागितलं की फाइल 'सापडत नाही'.

चहात, वरणात गोळी मिसळून देण्याबद्दल बोलायलाच हवं कारण महाराष्ट्रात घरोघरी चालतं आणि कुणी कबूल करत नाही. मला त्या घरांची अगतिकता कळते. पण डोस किती गेला कळत नाही, साइड इफेक्ट झाला तर पेशंटला का ते कळत नाही, आणि ज्या दिवशी त्याला कळतं त्या दिवसापासून तो घरचं जेवणही घेत नाही. कायद्याचा पाया संमतीचा आहे. तेव्हा करत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका आणि महिन्याच्या इंजेक्शनचा पर्याय पेशंटशी उघड बोला.

ॲडमिशन झालं तर कोणत्या कलमाखाली ते विचारा, सगळं त्यावर ठरतं. कलम ८६ म्हणजे स्वतःच्या इच्छेने, अशा पेशंटला त्याच्या संमतीशिवाय उपचार देता येत नाहीत आणि तो डिस्चार्ज मागू शकतो, फारतर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. कलम ८९ म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, ३० दिवसांपर्यंत, त्यासाठी एक सायकियाट्रिस्ट आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी वेगवेगळं तपासलेलं हवं, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही, असं काहीतरी ठोस हवं. इथेही संमती देण्याची क्षमता दर सात दिवसांनी परत बघायची असते. ३० दिवसांच्या पुढे कलम ९०, त्याला दोन सायकियाट्रिस्ट लागतात. कलम ९४ खाली इमर्जन्सीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर उपचार देऊ शकतो, पण ७२ तासांपर्यंतच, आणि त्या इमर्जन्सीशी संबंध नसलेली औषधं देता येत नाहीत. साखळीने बांधणं कुठल्याच कलमात बसत नाही, कलम ९५ ने सरळ बंदी आहे.

पटत नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करायचा. जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती अध्यक्ष असते, आणि सदस्यांत आजार अनुभवलेल्या किंवा काळजी घेणाऱ्या माणसांसाठीही जागा आहे. अर्जाला फी नाही. कलम ८९ च्या ॲडमिशनविरुद्धचा अर्ज सात दिवसांत निकाली काढायचा, कलम ९० चा २१ दिवसांत, बाकीचे ९० दिवसांत. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत हायकोर्ट. कागदावर छान आहे, प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो. हा कायदा महाराष्ट्रात नीट राबवला जात नाही म्हणून मुंबई हायकोर्टात जनहित याचिका झालेली आहे, त्यावरून काय ते समजा. ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात फोन करून तुमचा जिल्हा कोणत्या मंडळात येतो ते विचारा.

आणि पेशंट बरा असतानाच करायचं काम म्हणजे ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह. पुढे मी स्वतः ठरवायच्या अवस्थेत नसेन तेव्हा मला कोणता उपचार हवा, कोणता नको, आणि माझ्या वतीने कोण बोलेल, हे लेखी. 'हॅलोपेरिडॉलने माझी मान अडकली होती, ते देऊ नका' हे यात लिहिता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मंडळाकडे नोंदवायचं. डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना ते पाळायचं नसेल तर त्यांनीच मंडळाकडे जायचं असतं, इमर्जन्सी सोडून. माझ्या मते अख्ख्या कायद्यातली ही सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरलेली सोय आहे.

नुकसान झालंच तर

साइड इफेक्ट कळवायला वकील लागत नाही. भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४, पेशंट स्वतःही कळवू शकतो. यातून पैसे मिळत नाहीत, नोंद होते.

भरपाई हवी असेल तर एक कटू गोष्ट समजून घ्या: साइड इफेक्ट झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कोर्ट मानत नाही. पहिल्या इंजेक्शनला मान अडकली, ही केस नाही. मान अडकलेली तीन दिवस सांगूनही कुणी बघितली नाही, ही केस होऊ शकते. क्लोझापिनने पेशी घसरल्या ही केस नाही, महिनोन्महिने सीबीसीच सांगितली नाही, ही होऊ शकते. इथे ती वही लागते.

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ठरवलं. मुदत दोन वर्षं, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकिलाशिवायही जाता येतं, ऑनलाइन ई-जागृतीवर. सगळ्यांनाच फुकट सेवा देणारं सरकारी हॉस्पिटल यात येत नाही, केसपेपरचे पाच-दहा रुपये म्हणजे फी नव्हे. तिथे मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २८ ची तक्रार: आधी हॉस्पिटलच्या प्रमुखाकडे, मग पुनर्विलोकन मंडळ, मग राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, पण ते शिस्तीची कारवाई करतात, भरपाई देत नाहीत. पोलीस केसचा मोह टाळा, सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारीसाठी ढोबळ, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं.

कंपनीवर दावा? नेटवर अमेरिकन वकिलांच्या जाहिराती बघून बरेच जण विचारतात. तिकडे जॉन्सन अँड जॉन्सनने २०१३ मध्ये रिस्पेरिडोनसकट काही औषधांच्या चुकीच्या प्रचाराबद्दल सुमारे २.२ अब्ज डॉलरची तडजोड केली हे खरंय. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादकाची जबाबदारी आहे, पण तज्ज्ञाच्या देखरेखीतच द्यायच्या वस्तूबद्दल कंपनीने त्या तज्ज्ञाला पुरेसा इशारा दिला असेल तर ती सुटू शकते, आणि या गोळ्या तर चिठ्ठीशिवाय मिळतच नाहीत, निदान मिळू नयेत.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. मानसिक आजार असलेल्या माणसाला मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जाताना वही, सगळे केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून झेरॉक्स, गोळ्यांच्या स्ट्रिपचे फोटो, तपासण्यांचे रिपोर्ट आणि औषधांची बिलं न्या, ओरिजिनल कुणाच्याही हातात देऊन येऊ नका.